नोटीस तीन दिवसांची, निकाल पंधरा दिवसांचा: मग घर वाचतं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय धरून चाललोय ते कळेल. तालुक्याच्या गावात वडिलांच्या नावावर घर. तळमजला जुना आणि परवानगीचा. वरचा मजला आठ वर्षांपूर्वी चढवला, त्याची परवानगी घेतलेली नाही. पुढे रस्त्याच्या अंगाला पत्र्याची शेड, त्यात भावाचं झेरॉक्सचं दुकान. परवा नगरपरिषदेचा माणूस दारावर नोटीस चिकटवून गेला: अनधिकृत बांधकाम तीन दिवसांत काढून घ्या, नाहीतर आम्ही काढू आणि खर्च वसूल करू. शेजारच्या चार घरांवर असेच मजले आहेत, त्यांना कुणी विचारलेलं नाही. चुलतभावाने सर्वोच्च न्यायालयाच्या ‘बुलडोझर’ निकालाची बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली आणि तुम्ही विचारताय की आता पंधरा दिवस दिल्याशिवाय पाडताच येत नाही ना, आणि सरळ हायकोर्टातून स्टे आणू का.

थोडक्यात उत्तर असं. वरच्या मजल्याला तीन दिवसांत हात लावता येणार नाही. शेडचं तसं नाही, ती धोक्यात आहे. आणि हायकोर्टाकडे धावायची ही वेळ नव्हे. पण या तिन्हींपेक्षा मोठी गोष्ट तुमच्या प्रश्नात दडलेली आहे. तुम्ही निकाल असा वाचलाय की न्यायालयाने बांधकामं पाडायला बंदी केली. तसं काही झालेलं नाही. बेकायदा मजला निकालानंतरही बेकायदाच राहिला. न्यायालयाने वाचवला आहे तो तुमचं म्हणणं मांडण्याचा हक्क आणि त्यासाठीचा वेळ. हा वेळ फक्त ‘त्यांना पाडता येत नाही’ या समाधानात घालवणारे अशील मी बरेच पाहतो. सोळाव्या दिवशी त्यांच्या हातात काहीच नसतं.

निकाल १३ नोव्हेंबर २०२४ चा. न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाचा. काही राज्यांत दंगल किंवा गुन्हा घडला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आरोपीच्या घरावर जेसीबी जायचा, आणि विचारलं की उत्तर मिळायचं, हा तर पालिकेच्या अतिक्रमणविरोधी कारवाईचा भाग, गुन्ह्याशी संबंध नाही. त्यावर याचिका झाल्या. १७ सप्टेंबर २०२४ ला न्यायालयाने आधी अंतरिम आदेशाने देशभर पाडकाम थांबवलं आणि मग नोव्हेंबरात सविस्तर निकाल दिला. गाभा सोपा आहे: दोषी कोण हे न्यायालय ठरवतं, प्रशासन नाही. माणूस आरोपी आहे म्हणून, इतकंच काय दोषी ठरला म्हणूनही, त्याचं घर पाडता येत नाही. घरात त्याची आई असते, मुलं असतात, त्यांनी काय केलं? डोक्यावरचं छप्पर हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हेही त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

तुमच्यावर गुन्हा नाही, मग हा निकाल तुम्हाला कसा लागू? इथे बातम्या वाचणाऱ्यांची गफलत होते. गुन्हेगाराला शिक्षा म्हणून घर पाडू नका, एवढंच न्यायालय म्हणालं असतं तर उपयोग शून्य झाला असता. कारण कुठलीही पालिका कागदावर ‘आरोपी होता म्हणून पाडलं’ असं लिहीत नाही, ‘अनधिकृत होतं म्हणून’ असंच लिहिते. मग न्यायालयाने अनुच्छेद १४२ खालचे, म्हणजे पूर्ण न्यायासाठी लागेल तो आदेश देण्याचे, अधिकार वापरून सगळ्याच पाडकामांना एकच कार्यपद्धती घालून दिली. सगळ्यांसाठी पद्धत एकच झाली, म्हणजे खुन्नस काढण्यासाठी केलेली कारवाई नेहमीच्या कारवाईत लपवणं अवघड होतं. त्या पद्धतीचा फायदा आपोआप तुमच्यासारख्या, पोलीस ठाण्याची पायरीही न चढलेल्या घरमालकाला मिळतो.

आता ती पद्धत बघू. नोटीस रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह पाठवायची आणि शिवाय बांधकामावर दिसेल अशी चिकटवायची. नोटीस मिळाल्यापासून निदान १५ दिवस द्यायचे, आणि स्थानिक कायद्यात जास्त मुदत असेल तर ती जास्तीची. नोटिशीत बांधकामाचा कुठला भाग अनधिकृत, कोणत्या नियमाचा भंग, उत्तरासोबत कोणती कागदपत्रं जोडायची, सुनावणी कधी आणि कोणापुढे, हे सगळं हवं. सुनावणी प्रत्यक्ष घ्यायची आणि तिचं इतिवृत्त ठेवायचं. मग कारणांसह अंतिम आदेश. त्या आदेशात तुमचं म्हणणं काय होतं, ते का पटलं नाही, बांधकाम शुल्क भरून नियमित होण्यासारखं आहे का, फक्त काही भाग पाडून भागेल का, आणि भागत नसेल तर पूर्ण पाडणं हाच एक मार्ग का उरला, याची उत्तरं हवीत. आदेश हाती आल्यापासून पुन्हा १५ दिवस थांबायचं: त्यात तुम्ही अपील करा, कोर्टात जा, किंवा स्वतः काढून घ्या. त्यानंतरही पाडायचं झालं तर दोन पंचांच्या सह्यांचा पाहणी अहवाल आणि पाडकामाचं व्हिडिओ चित्रीकरण. म्हणजे कागदोपत्री अगदी घाईत काम केलं तरी महिन्याच्या आत मजला पाडणं कायदेशीररीत्या जमत नाही.

यातली मला सर्वांत उपयोगी वाटलेली, पण फारसं कुणाच्या लक्षात न आलेली सूचना वेगळीच आहे. नोटीस बजावताच तिची माहिती जिल्हाधिकारी कार्यालयाला ई-मेलने गेली पाहिजे आणि तिकडून पोच आपोआप आली पाहिजे. न्यायालयाने कारणही सांगितलंय: मागची तारीख घालून नोटीस तयार करण्याचे प्रकार थांबावेत म्हणून. माझ्यासमोर एका प्रकरणात जावक नोंदवही आली होती. त्यात दोन सलग क्रमांकांच्या मध्ये बारीक अक्षरात एक ‘/अ’ घुसवलेला, आणि नोटीस म्हणे महिनाभर आधीच पाठवली होती. असं घुसवणं वहीत जमतं, ई-मेलमध्ये जमत नाही. तेव्हा माहिती अधिकारात जिल्हाधिकारी कार्यालयाकडे एक साधा अर्ज टाकून ठेवा: अमुक मालमत्तेबाबत नगरपरिषदेकडून ई-मेल आला का, कधी आला, पोचेची प्रत द्या. उत्तर ‘आढळून येत नाही’ असं आलं तर तो कागद जपून ठेवा.

आता शेड. निकालातच अपवाद आहेत. रस्ता, गल्ली, पदपथ यांसारख्या सार्वजनिक जागेवरचं, किंवा रेल्वेमार्गालगत, नदी किंवा पाणवठ्यालगतचं अनधिकृत बांधकाम असेल तर वरच्या सूचना लागू नाहीत. न्यायालयानेच पाडण्याचा आदेश दिला असेल तरीही नाहीत. त्यामुळे शेड खरोखर रस्त्यावर आली असेल तर १५ दिवसांचा मुद्दा तिच्या कामाचा नाही. नगरपरिषदेच्या अधिकाऱ्यांना हा अपवाद तोंडपाठ असतो, बाकीचा निकाल नसला तरी.

मग शेडसाठी काहीच नाही? आहे, पण ते १९८५ मधून येतं. १९८१ च्या पावसाळ्यात मुख्यमंत्री अंतुले यांनी मुंबईतल्या फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवण्याची घोषणा केली, त्यातून ओल्गा टेलिस खटला उभा राहिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं १० जुलै १९८५ ला ठरवलं. मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३१४ मध्ये विना नोटीस अतिक्रमण काढण्याचा अधिकार आहे. न्यायालयाने तो रद्द केला नाही, पण असं म्हटलं की ‘विना नोटीस काढता येईल’ याचा अर्थ ‘नोटीस देऊच नये’ असा नाही. सर्वसाधारणपणे ऐकून घ्यायचं, नाइलाज असेल तेव्हाच त्याविना कारवाई करायची. आणि तरीही फुटपाथवाले खटला हरले. पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, त्यांना हात लावू नका एवढी सवलत मिळाली. कायद्याच्या पुस्तकांत हा निकाल गरिबांचा मोठा विजय म्हणून येतो. तत्त्व जिंकलं हे खरंच, पण झोपडी गेली. चाळीस वर्षांनंतरच्या निकालाबद्दल मी अशिलांना सावध करतो ते यामुळे.

शेडबाबत खरा प्रश्न हक्काचा नसून मोजमापाचा आहे. ती तुमच्या हद्दीत आहे की रस्त्यात? घराचं प्रॉपर्टी कार्ड काढा. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा, तातडीची फी भरून. अर्जाची पावती खुलाशाला, म्हणजे नोटिशीच्या तुमच्या लेखी उत्तराला, जोडा आणि लिहा की मोजणी होऊन हद्द निश्चित होईपर्यंत कारवाई करू नये. आणखी एक बारकावा. काही वेळा नोटिशीत ‘रस्त्यावर’ असं लिहिलेलं असतं, पण तो रस्ता फक्त विकास आराखड्यात आखलेला असतो. जागा अजून मालकाचीच, संपादन झालेलंच नसतं. अशा वेळी मी मुद्दा घेतो की आखलेला रस्ता म्हणजे सार्वजनिक रस्ता नव्हे, तो आधी कायद्याने ताब्यात घ्या, मोबदला द्या, मग बोला. मुद्दा बरा आहे, पण प्रकरणाच्या तपशिलावर तगतो किंवा पडतो. आणि मोजणीत शेड सरळसरळ रस्त्यात निघाली तर माझा सल्ला ऐकायला कडू आहे: स्वतः काढून घ्या. पत्रे, अँगल, मशीन तुमच्याकडे राहतील. शेड वाचवायच्या नादात मजल्याच्या प्रकरणातही ‘हे अतिक्रमण करणारे लोक’ असा शिक्का बसतो, तो महाग पडतो. (भाऊ गाडीवर किंवा टपरीवर विक्री करत असता तर फेरीवाल्यांचा २०१४ चा कायदा पाहावा लागला असता. घराला जोडलेल्या शेडमधल्या दुकानाला तो धरून चालणार नाही.)

आता मजला, म्हणजे खरं काम. नोटीस काढून घ्या, पण फाडू नका. आधी दारावर असतानाच फोटो काढा, तारीख-वेळ दिसेल असा. मग शांतपणे वाचा. कलम कोणतं लिहिलंय? नगरपरिषद अधिनियम १९६५ चं कलम १८९ की महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चं कलम ५३? दोन्ही एकत्र लिहून मोकळे होतात असंही घडतं. सही मुख्याधिकाऱ्यांची आहे की ‘करिता’ म्हणून दुसऱ्याच कुणाची? कोणता भाग अनधिकृत ते लिहिलंय की नुसतंच ‘अनधिकृत बांधकाम’? तुमच्या वर्णनावरून सुनावणीची तारीख नाही, मजला आणि शेड यांत फरक केलेला नाही आणि मुदत तीन दिवसांची. प्रत्येक उणीव खुलाशात स्वतंत्र परिच्छेदात मांडा आणि १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालाचा उल्लेख करा. ‘आम्हाला असा जीआर (शासन निर्णय) आलेला नाही’ असं काउंटरवर कुणी म्हणालं तर वाद घालू नका. अनुच्छेद १४१ प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा सगळ्यांना बंधनकारक असतो, त्याला जीआरची वाट बघावी लागत नाही. हे वाक्य खुलाशात असू द्या, तोंडी कशाला?

खुलासा तीन दिवसांतच द्या. इथे लोक माझ्याशी हुज्जत घालतात: कायद्याने पंधरा दिवस आहेत, मग घाई कसली? घाईचं कारण नगररचना कायद्याच्या कलम ५३ मधलं तिसरं पोटकलम. ते म्हणतं की नोटिशीत दिलेल्या मुदतीच्या आत तुम्ही कलम ४४ खाली बांधकाम कायम ठेवण्याच्या परवानगीसाठी अर्ज केला, तर त्या अर्जाचा अंतिम निर्णय होईपर्यंत नुसत्या नोटिशीमुळे बांधकामाला बाधा येत नाही. परवानगी मिळाली तर नोटीसच उरत नाही. हे संरक्षण विधिमंडळाने दिलेलं आहे, कुठल्या ताज्या निकालावर ते अवलंबून नाही. पण अट ‘नोटिशीत दिलेल्या मुदतीच्या आत’ अशी आहे. नोटिशीतली मुदत चुकीची आहे म्हणून तुम्ही ती पाळली नाही, तर पुढे मुदतीवर भांडण करत बसावं लागेल. म्हणून दोन्ही करा: तीन दिवसांत अर्ज दाखल करा, आणि त्याच पत्रात लिहा की मुदत १५ दिवसांपेक्षा कमी असल्याने नोटीसच सदोष आहे, त्याबाबतचा हक्क आम्ही राखून ठेवतो.

हा अर्ज पोकळ नसावा. परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंता गाठा, प्रत्यक्ष मोजमाप घेऊन नकाशा करून घ्या, आणि एकच प्रश्न विचारा: आजच्या नियमांत यातलं किती बसतं? मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे बांधकामाचे एकसारखे नियम, लागू आहे. चटईक्षेत्र, सामासिक अंतरं (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), जिन्याचं क्षेत्र यांचे हिशेब जुन्या नियमांपेक्षा बदललेत. आठ वर्षांपूर्वी जो मजला कोणत्याही परिस्थितीत मंजूर झाला नसता, तो आज पूर्ण किंवा बराचसा बसू शकतो. मागची खोली बाजूच्या मोकळ्या जागेत घुसली असेल तर तेवढी काढायची तयारी आधीच लेखी दाखवा. निकालामुळे अधिकाऱ्याला आता ‘अंशतः पाडून भागेल का’ याचं उत्तर आदेशात लिहावंच लागतं, आणि तुम्ही स्वतःहून अंशतः काढायला तयार असताना पूर्ण मजला पाडायचं कारण लिहिणं त्याला जड जातं. जागाच बिनशेतीची नसून गुंठ्यांनी घेतलेली असेल, तर वाट वेगळी: गुंठेवारी कायदा २००१ चा, २०२१ च्या दुरुस्तीने नियमित होऊ शकणाऱ्या अशा बांधकामांची मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत नेली आहे. तुमच्या जागेचा प्रकार तुम्ही सांगितलेला नाही, म्हणून दोन्ही वाटा लिहिल्या.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो, कारण तुमच्या प्रश्नाच्या शेवटी तो आहे: ‘आम्ही वरच्या मजल्याचीही घरपट्टी भरतो.’ घरपट्टी भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ मध्ये अनधिकृत बांधकामावर दुप्पट शास्ती (दंड) लावायची तरतूद आहे आणि तिथेच म्हटलंय की शास्ती वसूल केली म्हणून बांधकाम नियमित झालं असं समजू नये. घरपट्टीच्या पावत्या जोडा, पण मजला कधीपासून आहे याचा पुरावा म्हणून.

तुमच्या चुलतभावाने पाठवलेल्या निकालानंतर महिन्याभरातच, १७ डिसेंबर २०२४ ला, सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने, न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांनी, मीरतच्या एका प्रकरणात निकाल दिला, तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत नाही. राहत्या वापराच्या भूखंडावर दुकानं काढली होती, वर्षानुवर्षं चालू होती. न्यायालय म्हणालं की बांधकाम जुनं आहे, पैसा गुंतलाय, अधिकारी इतकी वर्षं गप्प होते, यातल्या कशानेही बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही. बेकायदा इमारतींना वीज-पाणी आणि बँकेचं कर्ज देण्यावरही बंधनं घातली. दोन निकाल एकमेकांच्या विरोधात आहेत असं काही जण म्हणतात, मला तसं वाटत नाही. पहिला पाडायचं कसं ते सांगतो, दुसरा काय टिकणार नाही ते. नगरपरिषदेचे वकील तुमच्यासमोर दुसराच वाचतील, तेव्हा दोन्ही माहीत असलेले बरे.

आता हायकोर्ट. आत्ता जाऊ नका म्हणतो त्याची दोन कारणं. तुम्ही खुलासा न देता रिट याचिका दाखल केलीत तर बहुधा न्यायालय विचारेल की आधी त्यांना उत्तर का दिलं नाही, आणि ‘दोन आठवड्यांत उत्तर द्या, नगरपरिषदेने ऐकून निर्णय घ्यावा, तोवर कारवाई नको’ अशा स्वरूपाचा आदेश देऊन प्रकरण निकाली काढेल. खर्च करून तुम्ही जिथे होतात तिथेच आलात. दुसरं कारण जास्त गंभीर. रिटमध्ये समोरून शपथपत्र येतं, ‘परवानगी दाखवा’ असा प्रश्न येतो, आणि तुमच्याकडे परवानगी नाही, नियमितीकरणाचा अर्जही नाही. अशा वेळी न्यायालयाने स्वतःच बांधकाम काढण्याचा आदेश दिला, तर तुम्ही निकालाच्या त्या अपवादात जाऊन बसता: न्यायालयाचा आदेश असेल तर १५ दिवसांची कार्यपद्धती लागू नाही. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचं प्रकरण याच कारणाने त्या निकालाच्या छत्राखाली येत नाही. तिथे बनावट परवानग्यांवर घरं विकली गेली आणि पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाचा आहे. दिवाणी कोर्टातून मनाई आणावी असं गावातले कुणी सुचवतील. कलम ५३ ची नोटीस असेल तर त्याच कायद्याच्या कलम १४९ ने दिवाणी दाव्याची वाट बरीचशी बंद केलेली आहे, त्यामुळे ती मनाई मिळालीच तर टिकेल याचा भरवसा मी देणार नाही.

मग हायकोर्टात कधी? तीन प्रसंगी. खुलासा आणि अर्ज दिल्यावरही सुनावणी न घेता जेसीबी आणण्याची हालचाल दिसली, तर त्याच दिवशी. सुनावणी झाली पण आदेशात कारणंच नाहीत, तर आदेश मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत. आणि परवानगीचा अर्ज चुकीच्या कारणाने फेटाळला तर, कायद्यातलं अपील पाहून. वकीलपत्र मात्र आजच सही करून ठेवा, कागदांचा संच तयार ठेवा. तुमचा जिल्हा हायकोर्टाच्या मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर की कोल्हापूर यांपैकी कुठे येतो तेही पाहा. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झाल्याने कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या लोकांचा मुंबईचा फेरा वाचला आहे.

इथवरचं एकदा एकत्र करतो, कारण बरंच सांगून झालं. मजला आणि शेड ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, खुलाशातही वेगळी ठेवा. शेडला मोजणी, मजल्याला परवानगीचा अर्ज. दोन्ही तीन दिवसांच्या आत, आवक शिक्क्याच्या पोचेसह. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने आणि ई-मेलनेही.

शेजाऱ्यांचा मुद्दा राहिला. ‘त्यांचंही बेकायदा, मग माझंच का?’ असा युक्तिवाद भारतात चालत नाही. अनुच्छेद १४ समानता देतो, पण बेकायदेशीरपणातली समानता मागता येत नाही, हे न्यायालयांनी कितीदा तरी सांगितलंय. मात्र २०२४ च्या निकालाने त्याला एक छोटी खिडकी ठेवली आहे. आजूबाजूची तशीच बांधकामं सोडून एकच अचानक निवडलं गेलं आणि त्याच सुमारास त्या घरातल्या कुणावर गुन्हा दाखल झालेला असला, तर हेतूबद्दल संशय घ्यायला जागा आहे, आणि तो संशय दूर करण्याची जबाबदारी प्रशासनावर येते. तुमच्या घरात असं काही घडलंय का, निवडणुकीत कुणाच्या विरोधात काम केलंय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. घडलं असेल तर तारखांसह लिहा. नसेल तर शेजाऱ्यांची नावं खुलाशात घालू नका. त्यांच्या घरांवर नोटिसा लागतील, तुमची वाचणार नाही, आणि सुनावणीत तुमच्या बाजूने बोलू शकणारे चार लोक तुमच्या विरोधात उभे राहतील.

आणि पालिकेने हे सगळं धाब्यावर बसवलं तर? हा प्रश्न काल्पनिक नाही. १७ मार्च २०२५ च्या नागपूरच्या हिंसाचारानंतर महापालिकेने आठवड्याभरात एका आरोपीचं घर पाडलं. नागपूर खंडपीठाने त्याच दिवशी कारवाईला स्थगिती दिली, पण ते घर तोवर गेलं होतं. पुढे आयुक्तांनी शपथपत्रावर बिनशर्त माफी मागितली. कारण काय दिलं? अधिकाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची माहिती नव्हती. निकालाला चार महिने उलटून गेले होते. महानगरपालिकेत ही अवस्था, मग तालुक्याच्या नगरपरिषदेतल्या अभियंत्याने तो वाचलाय असं तुम्ही गृहीत का धरता? म्हणून खुलाशाला निकालाची प्रत जोडा, सूचना असलेल्या पानांवर खूण करून. एकदा प्रत त्यांच्या आवक शिक्क्यानिशी तुमच्या फाइलमध्ये आली की ‘माहिती नव्हतं’ म्हणायची सोय राहत नाही. आणि त्या निकालात अवमानाच्या कारवाईबरोबरच पाडलेलं बांधकाम संबंधित अधिकाऱ्याने स्वतःच्या खिशातून उभं करून देण्याची जबाबदारी सांगितलेली आहे. माझ्या अनुभवात त्या एका ओळीखाली रेघ ओढलेली प्रत टेबलावर गेली की संभाषणाचा सूर बदलतो.

भरपाई मिळते का? प्रयागराजच्या प्रकरणात १ एप्रिल २०२५ ला न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी प्रत्येक घरमालकाला १० लाख रुपये द्यायला लावले. तिथेही नोटीस दारावर चिकटवली होती, आणि न्यायालयाने ‘चिकटवण्याच्या’ या उद्योगावर कडक शब्दांत ताशेरे ओढले: माणसाच्या हातात नोटीस देण्याचे खरे प्रयत्न आधी झाले पाहिजेत. तुमची नोटीसही चिकटवलेलीच आहे, रजिस्टर पोस्टाने काही आलं का ते पाहा आणि नसेल तर तेही खुलाशात लिहा. पण ती घरं पाडली गेली होती २०२१ मध्ये. पैसे चार वर्षांनी आले. तेवढा काळ भाड्याच्या खोलीत काढायची तयारी नसेल, तर भरपाईच्या भरवशावर राहू नका.

नोटिशीवरचं कलम, सही करणाऱ्याचा हुद्दा, जागा बिनशेती आहे की गुंठेवारीतली, आणि वडिलांच्या तळमजल्याच्या परवानगीची मूळ प्रत सापडते का, एवढ्या चार गोष्टी कळवा. प्रत घरात नसेल तर नगरपरिषदेच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज उद्याच टाका. ती फाइल शोधायला तिथे वेळ लागतो, आणि तुमच्याकडे उरलेत दोन दिवस.